एकतीस नंबरचं हाड

बुधवारी संध्याकाळी अब्बांनी मला तिसऱ्यांदा विचारलं, "एकतीस नंबर नीट लिहिलंस ना गो?"

ते खिडकीखाली चटईवर बसून डाळिंब सोलत होते. सप्टेंबरात इथे, सौदीतल्या ताइफला, डाळिंबं येतात, आणि दरवर्षी पहिली पेटी घरी आली की सोलायचं काम अब्बांचं. वरची टोपी कापायची, कडेने उभ्या चिरा द्यायच्या आणि मग सुरी बाजूला ठेवून हाताने उघडायचं. एक दाणा फुटता कामा नये, हा नियम. मी शाळेच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "हो, अब्बा. लिहिलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग झालं. खलास." त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि हात पुसले.

तो आमचा शेवटचा साधा दिवस. दुपारी अम्माचा गावाहून फोन आला होता. ती दोन महिने आधीच गेली होती, घर राहण्याजोगं करायला. खिडक्यांना तिने हिरवा रंग लावून घेतला होता आणि अब्बांनी तपकिरी सांगितला होता, यावर दोघांचं अर्धा तास चाललं. शेवटी अब्बा म्हणाले, राहू दे, अडीच आठवड्यांत मीच येतो आणि खरवडून काढतो, माझा जन्म खरवडण्यातच गेलाय. संध्याकाळी ते नेहमीपेक्षा जास्त बोलले. झोपायच्या आधी म्हणाले, "बरं वाटतंय. सात वर्षांचं ओझं उतरलं."

मी ते ऐकलं आणि वही बंद केली.

गुरुवारी पहाटे फज्रची नमाज झाल्यावर ते पाच मिनिटं म्हणून उजव्या कुशीवर आडवे झाले. मी चहा ठेवला, गाळला, हाक मारली. चहावर साय धरली तरी ते उठले नव्हते.

अब्बा, इसहाक मुकादम, एकोणतीस वर्षांपूर्वी राजापूरकडून इथे सुतार म्हणून आले. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, शेवटपर्यंत 'नज्जार' हाच हुद्दा राहिला. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अबू रय्यान. रय्यानचा बाप म्हणून अबू रय्यान, खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. इमारतीच्या सामानाचा धंदा, अल हदाच्या उतारावर मोठं घर, आणि दरवर्षी एक महिना आफ्रिकेत शिकार. अब्बा दरवाजे करायला आले होते. दरवाजे झाल्यावर शिंगं बसवायला लाकडी ढाली केल्या. मग कवट्या साफ करायला शिकले. मग हाडं आली.

शिकारी लोक मुंडकी लावतात. अबू रय्यानना त्यात रस नव्हता. त्यांना गोळी आत गेल्यावर हाडात काय होतं ते बघायचं होतं. म्हणून ते मारलेल्या जनावरांचे खांदे मागवायचे, गोळीसकट. सहा-आठ महिन्यांनी मीठ लावून वाळवलेली खोकी यायची, सोबत तीन भाषांतले परवाने. ते वाचून दाखवायचं काम बाराव्या वर्षापासून माझं.

कामाची पद्धत अब्बांनी स्वतः बसवली होती. हाड पाण्यात सोडा घालून कोमट ठेवायचं, उकळायचं कधीच नाही. उकळलं की चरबी आत मुरते आणि हाड जन्मभर पिवळं राहतं. मांस लाकडी पट्टीने काढायचं, लोखंडाने नाही. मग गोळीच्या वाटेने बारीक करवत चालवून हाड उघडायचं, गोळी काढायची, सोनाराच्या काट्यावर तोलायची. सुटताना वजन किती होतं, आता किती उरलं, कुठल्या हाडाला लागली, काय झालं. सगळं वहीत, मराठीत. शेवटी निकाल, तीनच शब्दांपैकी एक: टिकली, फुटली, वळली.

बंदूक त्यांनी आयुष्यात हातात धरली नाही. पण गोळी हाडावर कशी वागते हे त्यांच्याएवढं कळणारी माणसं फार नसतील. नरम शिशाची, तांब्याचं पातळ कवच असलेली गोळी मांसात अळंबीसारखी उघडते. तेच तिचं काम. पण जाड हाड आधी आडवं आलं तर ती उघडायच्या आधीच फुटते, शिसं एकीकडे, कवच दुसरीकडे, आणि मूठभर जागेत सगळा जोर संपतो. जनावर उभंच राहतं. सबंध तांब्याची किंवा कवचाला शिसं जोडून घेतलेली गोळी हाड मोडून पुढे जाते. भरीव गोळी सहसा आरपार जाते, पण तिरक्या हाडावर कधी वाट बदलते. लोकांना वाटतं वेग असला म्हणजे झालं. अब्बा म्हणायचे, जोरात आलेलं आत पोचतंच असं नाय.

मला ते कधी कधी चिडवायचे. मी रात्रंदिवस कादंबऱ्या वाचणारी. "तुज्या पुस्तकांत काय झालं ते शेवटच्या पानावर कळतं. हाडात आधी शेवट दिसतो, मग मागे मागे जायचं."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली होती, शाळकरी असताना. खांद्याचं हाड म्हणजे एकसारखं हाड नव्हे. वरचा पसरट भाग, आपला फरा, तो पापडासारखा. उजेडासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसतात. त्यातून कुठलीही गोळी जाईल. पण खाली सांधा, आणि सांध्यात दंडाच्या हाडाची गाठ. रानरेड्याची ती गाठ सोललेल्या नारळाएवढी असते. फऱ्यातून गेली म्हणून गोळी चांगली म्हणणारा माणूस, अब्बा म्हणायचे, कुंपणावरून उडी मारून डोंगर चढलो म्हणतो.

एकतीस नंबर हा रानरेड्याचा उजवा खांदा. दोन हजार अकराचा.

त्यात तीन गोळ्या होत्या. पहिल्या दोन सांध्याच्या गाठीत, दोन्ही फुटलेल्या, दोनशे सत्तर ग्रेन वजनापैकी एकीचे शहाण्णव उरलेले आणि दुसरीचे त्याहून कमी. तिसरी फऱ्याच्या पातळ भागातून गेलेली, सुंदर उघडलेली, जवळजवळ पूर्ण वजनाची. तिन्ही एकाच खोक्यातल्या, हरणांसाठी केलेल्या हलक्या, वेगवान गोळ्या. पहिल्या दोन आणि तिसरीच्या मध्ये दोन तास होते. रेडा झाडीत शिरून उभा राहिला होता. माग काढणारा माणूस आत गेला तेव्हा रेड्याने त्याला जमिनीवर दाबला. त्याचा पाय मांडीपासून गेला.

हे अबू रय्याननी अब्बांना एकदाच सांगितलं, कामाच्या खोलीत, दार लावून. त्यानंतर हाड पुढे ठेवून म्हणाले, "इसहाक, याला बरं कर."

अब्बांनी बरं केलं. हाडाचाच भुसा राळेत मळून दोन्ही खड्डे भरले, घासले, रंग जुळवला. सुताराला गाठ बुजवायला कोण शिकवतं? तिसरी गोळी काचेत हाडाशेजारी बसवली. खाली पितळी पट्टी: रानरेडा, खांदा, एक गोळी. पुढची सात वर्षं पाहुण्यांना सगळ्यात आधी दाखवलं जायचं ते हेच. अबू रय्यान स्वतः मात्र त्या कपाटापाशी थांबत नसत, असं अब्बांचं निरीक्षण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही.

मग कारभार रय्यानकडे आला. रय्यान तिशीतला, अमेरिकेत शिकलेला, स्वभावाने चांगला. त्याला बापाचा संग्रह छोटं संग्रहालय म्हणून नोंदवायचा होता. सौदीकरणाची, परदेशी हटवून सौदी माणसं नेमायची, वर्षं होती. दुकानांमागून दुकानांत आपली माणसं काउंटरवरून उठत होती. संग्रहालयात परदेशी नज्जार चालणार नव्हता. रय्यानने उमामाला नेमलं, प्राणिशास्त्र शिकलेली, माझ्याच वयाची. आणि अब्बांना सांगितलं की सहा महिन्यांत तिला सगळं शिकवा, मग सन्मानाने फायनल एक्झिट, देश कायमचा सोडायची परवानगी.

मला वाटलं होतं अब्बा मनातून खचतील. तसं झालं नाही. उमामा हातमोजे घालून पहिल्या दिवशीच घाण पाण्यात हात घालायला तयार झाली, यावर ते खूश झाले. ती त्यांना अम्म इसहाक, म्हणजे इसहाककाका, म्हणायची, आणि एक गोळी टिकली की फुटली यावर त्यांच्याशी वादही घालायची. घरी येऊन ते तिची नक्कल करायचे. मी एकदा म्हटलं, मला नाही शिकवलंत कधी. ते म्हणाले, तू विचारलं नाहीस. मी विचारलं होतं, दहावीत असताना. पण ते त्यांना आठवत नव्हतं, आणि मी पुन्हा काढलं नाही.

उमामासाठी त्यांनी सगळी वही नव्याने लिहून काढली. इंग्रजी मी करायचं ठरलं. इथे वाढलेल्या आमच्यासारख्या मुलींना हे काम कुणी देत नाही, ते आपोआप आपलं होतं. बाप तोंडी अरबी बोलतो, पण कागद आला की मुलीकडे बघतो. आणि मुलगी एक गोष्ट लवकर शिकते: बापाचं वाक्य जसंच्या तसं कफीलकडे न्यायचं नसतं. अब्बांनी एकदा सांगितलं, "त्याला लिही, तीन महिने बोंबलतोय, करवत बदल, नायतर माजा हात जाईल आणि तुला पाप लागेल." मी लिहिलं, सवडीने नवी करवत मिळाल्यास काम अधिक चांगलं होऊ शकेल. करवत आली. अब्बा म्हणाले, बघ, कसा झापला त्याला. मी हसले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

वहीत एकतिसाव्या हाडाखाली अब्बांनी सगळं लिहिलं होतं. नऊ ओळी.

मी विचारलं, हे कशाला? जाताना कशाला? अब्बा म्हणाले की रय्यान या मोसमात रेड्यावर जाणार आहे. बापाची बंदूक तिकडच्या शिकार-कंपनीकडे ठेवलेली आहे, तीच वापरणार, गोळ्याही त्याच जातीच्या. त्याने ते हाड बघितलंय सात वर्षं.

मग त्याला तोंडाने सांगा, मी म्हटलं.

"तोंडाने सांगितलं तर त्याच्या बापाला त्याच्याच घरात खोटं पाडलं असं होईल. वहीत लिहिलं तर ते काम आहे. कामात काय झालं तेच लिवतात. तो वाचेल, समजेल, कुणाचं तोंड बघायला नको."

हे अगदी अब्बांचं होतं. त्यांनी रात्रभर विचार करून शोधलेली वाट होती ती. पण त्याच टेबलावर त्यांचे आणि माझे एक्झिटचे कागद पडले होते. मी त्यांच्या इकाम्यावर, शाळेतली माझी नोकरीही त्यामुळेच. एकोणतीस वर्षांचं सगळं रय्यानच्या एका बोटावर होतं. मी कल्पना केली: रय्यान ते पान वाचतोय. बापाची अब्रू, संग्रहालयातलं पहिलं कपाट, आणि बनावट करणारा माणूस कोण, तर हा नज्जार.

मी पितळी पट्टीवरचं इंग्रजीत उतरवलं. क्रमांक एकतीस, रानरेडा, खांदा, एक गोळी, आरपार. आणि निकालाच्या रकान्यात, कारण रिकामा ठेवला असता तर उमामाने विचारलं असतं: टिकली.

स्वतःला सांगितलं, गावी पोचल्यावर कळवीन. रय्यान ऑक्टोबरच्या शेवटी निघणार होता. भरपूर वेळ होता.

दफन त्या गुरुवारीच, दुपारच्या अस्रच्या नमाजनंतर झालं. बायका कबरस्तानात जात नाहीत. श्रीवर्धनचे कादिरभाई, आमच्या खालच्या मजल्यावरचे, सगळं त्यांनी केलं. परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना लाल माती होती. सातवी रांग, भिंतीकडून चौथी, एवढं त्यांनी मला सांगितलं, कारण इथे कबरीवर नाव नसतं. मी ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं. मग त्यांची बायको शरफुन्निसाभाभी मला खाली त्यांच्याकडे घेऊन गेली, आणि पुढचे दिवस मी तिथेच राहिले.

अम्मा फोनवर फार रडली नाही. ती इद्दतीत, नवरा गेल्यावरच्या एकांतात, बसली होती, त्या हिरव्या खिडक्यांच्या घरात. एकदा तिने विचारलं, शेवटी काय म्हणत होते? मी सांगितलं, बरं वाटतंय म्हणाले. अम्मा म्हणाली, अल्हम्दुलिल्लाह, मन हलकं होतं म्हणजे. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

मरणाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. कारण मला दुःख आवरत नव्हतं असं नव्हतं. त्या दुःखाखाली एक गोष्ट होती आणि ती कोणत्याच पुस्तकातली नव्हती. अब्बा ज्या गोष्टीने हलके झाले ती घडलीच नव्हती.

एक्झिटला वेळ लागला. मृत्यूची नोंद, दूतावासाचा कागद, माझा इकामा. ऑक्टोबर संपत आला. रय्यान स्वतः धावपळ करत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याने एकदाही मला ताटकळत ठेवलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उमामा आली, वेलचीचा कहवा आणि खजूर घेऊन. बराच वेळ अब्बांबद्दल बोलली. त्यांचा सोनाराचा तराजू ती रोज पुसून ठेवते म्हणाली. मग म्हणाली, रय्यान शुक्रवारी निघतोय. तिकडच्या शिकार-कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की रेड्यासाठी जड गोळ्या घ्या, या फुटतील. रय्यानने ऐकलं नाही.

"मी त्याला तुझ्या वडिलांचं पान दाखवलं," उमामा म्हणाली. "टिकली, असं लिहिलंय. तो म्हणाला, अम्म इसहाकने लिहिलंय म्हणजे बास. मलाही तसंच वाटतं. गोळ्यांच्या खोक्यावर छापलेल्यापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे."

मी कहव्याचा पेला खाली ठेवला.

माझी एक्झिट गुरुवारी दुपारी लागणार होती. तिकीट सोमवारचं. रय्यान शुक्रवारी. मी तीन दिवस ते वार मांडत राहिले. मुंबईला उतरून संदेश पाठवायचा म्हटलं तर तोवर तो तीन दिवस रानात असणार, जिथे फोन लागत नाही. तीन दिवसांत एक रेडा. सांगावं तर गुरुवारी सकाळी, म्हणजे एक्झिटच्या आधी. संध्याकाळी फोनवर सांगितलं तरी लागलेली एक्झिट तो रद्द करू शकत होता. दुसरी वेळ नव्हती.

गुरुवारी मी अब्बांची हत्यारं आणि आमच्या घराची किल्ली परत द्यायला वर अल हदाच्या घरी गेले. कादिरभाई गाडी घेऊन फाटकाबाहेर थांबले. हदाच्या बाजूला धुकं होतं, कठड्यावर माकडं बसली होती. पिशवीत हत्यारांखाली अब्बांची वही होती. ती मी का घेतली, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

रय्यान लांब दालनात होता. उमामा कपाटांच्या किल्ल्या घेऊन उभी. अबू रय्यान खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत, मांडीवर शाल. मी सलाम केला. त्यांचा डावा हात थोडा हलला.

रय्यान माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलायचा. त्याने पाकीट दिलं, तिकीट दिलं, म्हणाला, "उस्ताज़ा, पासपोर्ट तयार आहे. दुपारी सरकारच्या अबशर ॲपवर एक्झिट टाकतो, संध्याकाळी तुझ्या फोनवर येईल. काही राहिलं असेल तर सांग. तुझे वडील या घरचे होते."

मी आभार मानले. हत्यारं टेबलावर मांडली: पटाशा, कानस, बारीक करवत. तीच करवत.

"निघायच्या आधी एकदा बघून घेतो," रय्यान उमामाला म्हणाला, आणि तिने पहिलं कपाट उघडलं. त्याने एकतीस नंबर दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. हाड पांढरं होतं, पण सकाळच्या उजेडात गाठीवरचे दोन ठिपके मला लगेच दिसले. रुपयाएवढे, किंचित पिवळे. राळ वयाने पिवळी पडते. माहीत नसलेल्याला ते दिसले नसते.

"बाबांची इथून गेली," त्याने फऱ्यातल्या भोकावर बोट ठेवलं. "मी जरा खाली मारीन. इथे." बोट खाली सरकत सरकत गाठीवर आलं, पहिल्या ठिपक्यावर. "हा सांधा मोडला की जनावर जागेवर बसतं. गोळी फऱ्यातून जाते तर इथूनही जाईल."

खिडकीपाशी, खुर्चीतून आवाज आला. घशातला, शब्द नसलेला.

रय्यान हसला. "बघ. शिकारीचं नाव काढलं की म्हातारा जागा होतो. दोन महिने असंच चाललंय." तो मायेनेच बोलत होता. उमामा शाल सारखी करायला गेली.

मी अबू रय्यानकडे बघितलं. त्यांचा डावा हात त्यांच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर होता. सांध्यावर. दोन बोटांनी ते तिथे दाबत होते, थांबत होते, परत दाबत होते. उमामाने हात हलकेच काढून शालीत ठेवला. तो परत तिथेच गेला.

दोन महिने. अब्बा गेल्यापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून. हा माणूस स्वतःचं खोटं स्वतः उघडं करायला धडपडत होता, आणि सगळे त्याला आनंद समजत होते. त्याला वाचा नव्हती. मला होती.

मी वही काढली. इंग्रजी डोक्यात जुळेना, म्हणून आधी मराठीतच वाचलं, मोठ्याने. त्या दालनात मराठी कुणालाच कळत नव्हती. रय्यान अदबीने थांबला. त्याला वाटलं असावं मी बापासाठी काही पढतेय. नऊ ओळी वाचून झाल्या आणि मग मी एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. या वेळी कडा घासल्या नाहीत.

"क्रमांक एकतीस. यात तीन गोळ्या निघाल्या. दोन गाठीवर, दोन्ही फुटल्या. रेडा दोन तास जिवंत होता आणि एका माणसाचा पाय गेला. तिसरी पातळ फऱ्यातून गेली, म्हणून शाबूत राहिली. ती हाडावर टिकली असं कुणी समजू नये. दोन खड्डे मी बुजवले. अबू रय्यानने सांगितलं म्हणून बुजवले, पण हात माझा आहे. या गोळीने रेड्याच्या सांध्यावर कुणी मारू नये. खात्री करायची तर तापवलेली सुई लावा. हाड जळलं तर केसाचा वास येतो, भरण जळलं तर राळेचा."

मग उमामा कामाच्या खोलीत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या चिमट्यात सुई होती, टोकाला लाल. तिने रय्यानकडे बघितलं नाही. तिने अबू रय्यानकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली केली, आणि त्यांचा हात खांद्यावरून निघून मांडीवर आला.

सुई ठिपक्यात सहज शिरली. धूर फार आला नाही. वास मात्र सबंध दालनभर झाला. आमच्या घराचा, अब्बांच्या सदऱ्याचा, लहानपणचा वास. राळ.

रय्यानने सुईच्या भोकावर अंगठा ठेवला. त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. तो बापाकडे गेला नाही, हाडही खाली ठेवलं नाही. उमामाने फडताळातून इंग्रजी प्रत काढून पान उघडलं होतं, आणि त्याने ते वाचलं, दोनदा.

"हे इथे नाही," तो म्हणाला.

"नाही."

"त्याने नंतर लिहिलं? भीती वाटली त्याला?"

सोपं होतं. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मेलेल्या माणसाला भीती वाटली होती, एवढं कुणीही मान्य केलं असतं. दुपार व्हायला अजून दोन तास होते आणि बाहेर कादिरभाईंनी गाडीचा हॉर्न हळूच एकदा वाजवला.

"अब्बा घाबरले नव्हते," मी म्हणाले. "त्यांनी आधीच लिहिलं होतं. मला तीनदा विचारलं, सगळं लिहिलंस ना. मी हो म्हणाले. मी गाळलं होतं. ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं की तुम्हाला सांगून झालंय."

मग मी मराठीत म्हणाले, त्या दोघांना नव्हे, टेबलावरच्या हत्यारांकडे बघून:

"अब्बा, मी लिहिलं नव्हतं."